वर्गाबाहेर उभं करण्यापूर्वी

गणिताचा तास सुरू झाला की पाचवीतला एक मुलगा कंपासपेटी बाकावर आपटतो. बाई दटावतात. तो पुन्हा आपटतो, शेजारच्याच्या वहीवर रेघोट्या मारतो. मग ठरलेलं वाक्य येतं, ‘ऊठ, बाहेर उभा राहा.’ तो व्हरांड्यात जातो, शिपाईमामांशी दोन शब्द बोलतो, मैदानावरचा कबड्डीचा डाव बघतो. तास संपतो. दुसऱ्या दिवशी पेटी आपटायला पाच मिनिटंही लागत नाहीत. बाईंच्या हिशेबी ही शिक्षा झाली. मुलाच्या हिशेबी अपूर्णांकांपासून सुटका झाली. दोघांत हिशेब मुलाचा बरोबर आहे, आणि तो गणितात नापास होतोय.

या मुलाला अध्ययन अक्षमता असल्याचं बाईंना ठाऊक असेल किंवा नसेलही. अतिचंचलता, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, कमी ऐकू येणं अशा अडचणींची मुलं आज जिल्हा परिषदेच्या, अनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांतही इतरांच्या बाकावर बसतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अक्षमतेचे २१ प्रकार दिले आहेत आणि अशा मुलांना सर्वांबरोबर शिकू देण्याची जबाबदारी शाळांवर टाकली आहे. कायद्याने दार उघडलं. वर्ग सांभाळायचा आहे तो बाईंना आणि सरांना, तोही अनेक ठिकाणी चाळीस-पन्नासच्या पटात. हा लेख त्यांच्यासाठी. अशा मुलांच्या बाबतीत शिस्तीचं बहुतेक काम गडबड होण्याआधी करावं लागतं. गडबड झाल्यावर आपल्या हातात फार थोडं उरतं.

आधी कान, डोळे आणि तब्येत

खोडी म्हणून आपण ज्याची नोंद करतो त्यातलं बरंचसं मुळात शरीराचं दुखणं असतं. ‘दहा हाका मारल्या तरी बघत नाही’ ही तक्रार आली की पहिली शंका कानावर घ्यावी. सर्दी-खोकल्यानंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि कित्येक आठवडे कमी ऐकू येतं. असं मूल समोरून ओठ दिसले की समजतं, पाठीमागून हाक मारली की ढिम्म बसतं. मग ‘हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं याला’ असा शेरा त्याच्या माथी बसतो. फळ्याकडे तोंड करून सूचना देण्याची आपली सवय अशा मुलाला रोज उद्धट ठरवत असते.

दुसरं उदाहरण फिटचं. फिट म्हटलं की आपल्याला हातपाय झाडणं, तोंडाला फेस येणं आठवतं. पण मुलांमध्ये एक प्रकार असा असतो की लिहिता लिहिता मूल काही सेकंद शून्यात बघतं, पापण्या फडफडतात आणि लगेच ते जिथे थांबलं होतं तिथून पुढे लिहू लागतं. दिवसात हे अनेकदा होऊ शकतं. मधल्या सेकंदांत सांगितलेलं त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. ‘लक्ष कुठंय तुझं?’ या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नाही. स्वप्नात रमलेलं मूल हाक मारली, खांद्याला हात लावला की भानावर येतं. हे येत नाही. किती सेकंद, दिवसातून किती वेळा, हे लिहून ठेवा आणि पालकांना तो कागद डॉक्टरांकडे न्यायला सांगा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. आणि वर्गात मोठी फिट आलीच तर कांदा, चप्पल, चमचा काहीही नको. आजूबाजूचे बाक हलवा, मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांहून जास्त चाललं तर १०८ ला फोन करा.

तिसरं उदाहरण विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या शिक्षकांना जवळचं वाटेल. सिकलसेलचं मूल सारखं पाणी मागतं आणि सारखं लघवीला जातं, कारण या आजारात मूत्रपिंडाची पाणी राखण्याची ताकद कमी होते. शरीरातलं पाणी कमी पडलं किंवा थंडी बाधली तर असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. ‘तासाला कोणीही पाण्याला जायचं नाही’ हा साधा नियम या मुलाला थेट दवाखान्यात नेतो. त्याच्यासाठी पाण्याची बाटली बाकावर आणि लघवीला जायला कायमची परवानगी, एवढं पुरे. सिकलसेल हा त्या २१ प्रकारांपैकी एक आहे, हे अनेक शाळांच्या लक्षात नसतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा उंची-वजनाच्या रांगेत ही मुलं सहज निसटतात. त्या दिवशी तुमच्या मनातली दोन-तीन नावं पथकातल्या डॉक्टरांना वेगळी सांगा, काय बघितलंत तेही सांगा.

तीन रकान्यांची वही

तब्येतीची शंका फिटली की मग वागण्याकडे वळायचं. त्यासाठी साधी वही घ्या आणि तीन रकाने आखा: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. शेरे लिहायचे नाहीत. ‘उगाच मस्ती केली’ हे निरीक्षण नाही. ‘वाचायला उभं केलं, पुस्तक फेकलं, मुलं हसली, मी बसायला सांगितलं’ हे निरीक्षण आहे. आठवडाभरात आठ-दहा नोंदी झाल्या की बहुतेक वेळा तिसरा रकाना बोलू लागतो. कंपासपेटीवाल्या मुलाच्या वहीत तिसऱ्या रकान्यात रोज एकच गोष्ट येईल: काम टळलं.

वागण्यामागची कारणं ढोबळमानाने चार. काम टाळायचं असतं. कोणाचं तरी लक्ष हवं असतं. एखादी वस्तू किंवा खेळ हवा असतो. किंवा शरीराला त्या हालचालीची गरज असते, अथवा आजूबाजूचा आवाज, प्रकाश, स्पर्श सहन होत नसतो. एकाच वागण्यामागे दोन मुलांची दोन कारणं असतात, म्हणून एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्यावर उलटतो. समजा, दोन मुलं वर्गातून पळतात. पहिला वाचनाची पाळी आली की पळतो. दुसरी मुलगी स्वमग्न आहे. ती टोल पडायच्या सुमारास कान झाकून ओरडते आणि सुटते, कारण तिची जागा टोलाच्या अगदी जवळच्या खिडकीपाशी आहे. पहिल्याला आधी सोप्या दोन ओळी घरून तयार करून आणायला द्याव्या लागतील. दुसरीची जागा बदलली आणि टोल पडण्याआधी ‘आता टोल पडणार आहे’ असं सांगितलं, तर बरंचसं निभावेल. दोघांनाही ओरडून काहीच साधणार नाही.

लक्ष वेधणाऱ्या मुलाचा मामला जरा अवघड आहे, कारण रागावणं हेही लक्षच असतं. घरी कोणी बोलत नाही, वर्गात कोणी खेळायला घेत नाही, अशा मुलाला दिवसातून पंधरा वेळा आपलं नाव ऐकायला मिळतं ते फक्त बाईंच्या ओरडण्यात. त्याला तेही चालतं.

तास सुरू होण्याआधी

जागेपासून सुरुवात करा. ‘अशा मुलाला पहिल्या बाकावर बसवा’ हा सरसकट सल्ला अर्धाच उपयोगी आहे. कमी ऐकू येणाऱ्याला पुढे बसवा, पण त्याचा चांगला कान वर्गाकडे येईल असं. अतिचंचल मुलाला दार-खिडकीपासून लांब, तुम्ही उभे राहता त्याच्या जवळ. कोणाचा धक्का लागला तरी बिथरणाऱ्या मुलाला बाकाच्या कडेला, शांत सोबत्याशेजारी. मात्र त्या सोबत्याला वर्षभर राखणीला बसवू नका. तेही कोणाचं तरी लेकरू आहे आणि त्यालाही शिकायचं आहे.

मग सूचना. ‘वह्या काढा, तारीख टाका, पान ४२ उघडा, पहिली तीन उदाहरणं करा आणि झालं की हात वर करा’ यात पाच कामं आहेत. काही मुलं दुसऱ्यावरच अडकतात आणि मग शेजाऱ्याला विचारतात, तेव्हा ‘बोलू नकोस’ हे सहावं काम पडतं. एका वेळी एक काम सांगा, आणि शक्य तर फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. ‘नीट वाग’, ‘शहाण्यासारखा बस’ यांतून मुलाला काहीच कळत नाही. ‘पाय बाकाखाली घे, हात वहीवर ठेव’ हे कळतं. धावू नको म्हणण्याऐवजी चाल म्हणा. कल्पना करू न शकणाऱ्या मुलाला नकारातून योग्य कृती शोधून काढणं जड जातं.

कामाचा आकार हा शिस्तीचाच भाग आहे. दहा उदाहरणांचं पान बघूनच जो मुलगा पेटी आपटतो, त्याच्यासमोर पान दुमडून पाचच ठेवा. पाच झाली की फळा पुसायचं किंवा ऑफिसात वही पोचवायचं काम द्या. अतिचंचल मुलाला पस्तीस मिनिटं बूड टेकवून बसवणं जमणारच नसेल, तर मधे हलायची सन्मानाची संधी आपणच दिलेली बरी. ‘आधी हे, मग ते’ ही मांडणी स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना फार लवकर समजते: आधी तीन ओळी, मग चित्रांचं पुस्तक. दोन चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवली की झालं. यात अट एकच. ‘आधी’ पूर्ण झालं की ‘मग’ मिळालंच पाहिजे. ‘अजून दोन ओळी कर मग देते’ असं एकदा झालं की त्या पुठ्ठ्याची पत संपते.

दिवसाचा क्रम चित्रांत किंवा शब्दांत भिंतीवर असावा आणि बदल होणार असेल तर सकाळीच सांगावा. स्वमग्न मुलांचे कठीण दिवस शोधायचे असतील तर शाळेच्या कॅलेंडरवर बघा: स्नेहसंमेलनाच्या तालमी, क्रीडा सप्ताह, लेझीम-ढोलाचा सराव, वर्गशिक्षिका प्रशिक्षणाला गेल्यामुळे एकत्र केलेले दोन वर्ग. (आपले शिक्षक वर्षभरात किती वेगवेगळ्या कामांना जुंपले जातात, ते या मुलांच्या वागण्यावरून सांगता येईल.) अशा दिवशी मूल बिघडत नाही, त्याचा दिवस बिघडलेला असतो. तालमीच्या वेळी त्याला ग्रंथालयात बसू देणं ही सवलत नाही, शहाणपणाचं नियोजन आहे.

आता पुन्हा कंपासपेटीकडे. सुटका हवी असेल तर ती मागण्याची रीत त्याला शिकवा. तीन छोटी कार्डं द्या; एक कार्ड दाखवलं की दोन मिनिटं मागे जाऊन उभं राहायचं किंवा पाणी पिऊन यायचं, मग परत जागेवर. शिक्षकांना भीती वाटते की तो दिवसभर कार्डंच दाखवत बसेल. म्हणून कार्डं तीनच, आणि परत आल्यावर काम तेच. सुरुवातीला तिन्ही पहिल्या अर्ध्या तासात संपतील, संपू द्या. पेटी न आपटता कार्ड दाखवलं की लगेच, नेमकं कौतुक करा: ‘पेटी न आपटता सांगितलंस, छान.’ नुसतं ‘शाब्बास’ कशाबद्दल आहे हे त्याला कळत नाही.

भडका उडाल्यावर

एवढं करूनही भडका उडेल. त्या वेळी मूल शिकण्याच्या मनःस्थितीत नसतं, म्हणून समजावणं, जाब विचारणं, ‘सॉरी म्हण’ हे सगळं नंतरसाठी ठेवा. आवाज खाली आणा, शब्द कमी करा. थोडं अंतर ठेवून, बाजूला उभं राहून बोला. समोर उभं राहून डोळ्यांत बघत बोललं की आव्हान वाटतं. प्रेक्षक कमी करा. चिडलेल्या मुलाला बाहेर ओढण्यापेक्षा बाकीच्यांना वाचायला लावणं किंवा व्हरांड्यात नेणं पुष्कळदा सोपं जातं. धरून ठेवायची वेळ फक्त तेव्हा, जेव्हा त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होणार असेल, आणि तेवढ्याच क्षणापुरती. कोणत्या शिक्षकांना हाक मारायची हे आधीच ठरलेलं असावं.

शांत झाल्यावर, अर्ध्या-पाऊण तासाने, सांडलेलं उचलायला लावा, फाटलेली वही चिकटवायला मदत करायला लावा. ही जबाबदारी त्याच्यावर जरूर टाका. ‘बिचारा, त्याला काय कळतंय’ म्हणून सगळं माफ करणारी शाळा त्या मुलावर अन्यायच करते. मोठेपणी जग त्याला बिचारा म्हणून सोडणार नाही.

लक्ष वेधण्यासाठी केलेल्या किरकोळ खोडीकडे दुर्लक्ष करावं, हे बरोबर आहे. पण दुर्लक्ष सुरू केल्यावर पहिले काही दिवस खोडी वाढते, कारण मूल जुनाच उपाय जोरात करून बघतं. तिसऱ्या दिवशी कंटाळून आपण ओरडलो, तर ‘जास्त जोरात केलं की जमतं’ एवढाच धडा त्याला मिळतो. टिकवायची तयारी असेल तरच दुर्लक्ष सुरू करा, आणि त्याच वेळी तो नीट वागत असताना त्याच्याकडे जाऊन बोला. मारणं, चावणं, स्वतःचं डोकं आपटणं यांकडे मात्र कधीही दुर्लक्ष करायचं नाही.

शिक्षेबद्दल थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणं हा २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं तुरुंगवासाचा गुन्हा आहे. वर्गासमोर ‘मठ्ठ’, ‘वेडा’ म्हणताना हे आठवलेलं बरं. सर्रास दिली जाणारी एक शिक्षा मला सगळ्यांत निरुपयोगी वाटते: अतिचंचल मुलाचा खेळाचा तास किंवा मधली सुट्टी कापणं. ज्याला हालचालीवाचून चैन पडत नाही त्याची तेवढी हालचाल बंद केली की दुपारचे तास कोणाचे वाईट जाणार, हे सांगायला नको.

बाकीची मुलं, आणि घर

‘बाई, त्याला का चालतं?’ हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. उत्तर देताना त्या मुलाचं निदान वर्गात उघड करू नका. ‘ज्याला जे अवघड जातं त्यात त्याला मदत मिळते, तुलाही मिळेल’ एवढं पुरतं, मात्र ते खरं असलं पाहिजे. म्हणजे अक्षर न लागणाऱ्या हुशार मुलीलाही कधीतरी पान दुमडून मिळालं पाहिजे. वर्गाचे नियम चार-पाचच ठेवा आणि ‘कोणाला मारायचं नाही’ हा नियम सगळ्यांना सारखा ठेवा. ज्या मुलाला मार बसला त्याच्या घरी त्याच दिवशी शाळेने स्वतःहून सांगावं. त्यांना ते दुसऱ्या मुलांकडून कळलं की पालक सभेत ‘त्या मुलाला काढा’ हा विषय निघतो, आणि मग शाळा व्यवस्थापन समितीपुढे दोन आया एकमेकींसमोर उभ्या राहतात.

दिव्यांग मुलाच्या आईला शाळेचा फोन दिसला की पोटात गोळा येतो. वर्षभर तिने फक्त तक्रारीच ऐकलेल्या असतात. आठवड्यातून एकदा डायरीत एक चांगली ओळ लिहा, ‘आज तीन उदाहरणं न रडता केली’ अशी. नंतर जेव्हा अवघड बोलायची वेळ येईल तेव्हा ती ऐकून घेईल. भडका उडाला की लगेच घरी पाठवून देणं टाळा. घरी टीव्ही आहे, काम नाही, म्हणजे पुन्हा सुटकाच. औषध चालू करा, बंद करा असं शिक्षकांनी कधीही सुचवू नये. ‘दुपारनंतर झोपाळतो’, ‘डबा खात नाही’ ही निरीक्षणं कळवावीत, निर्णय डॉक्टरांचा.

समग्र शिक्षाच्या गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक तुमच्या शाळेला भेट देतात. ते आले की मुलाला त्यांच्या हवाली करून तुम्ही तपासणीच्या वह्या पुढे ओढल्यात, तर ती भेट वाया गेली. तीन रकान्यांची वही त्यांच्यासमोर ठेवा, त्यांना तुमचा चालू तास बघायला बसवा आणि एकच प्रश्न विचारा: उद्या मी काय वेगळं करू? प्रमाणपत्राची चौकशीही त्यांच्याकडेच करा. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, आणि परीक्षेची धास्ती कमी झाली की वर्गातलं बंडही पुष्कळ निवळतं. नुसती अतिचंचलता मात्र त्या २१ प्रकारांत स्वतंत्रपणे नाही. अनेक अतिचंचल मुलांना सोबत अध्ययन अक्षमताही असते, म्हणून तपासणी दोन्हींची करून घ्यावी. दहावीच्या वर्षी धावाधाव करण्यापेक्षा तिसरी-चौथीतच पालकांना हे सांगितलेलं बरं.

पन्नास मुलांच्या वर्गात हे सगळं एकाच वेळी कोणालाही जमणार नाही. एक मूल निवडा, त्याचं एकच वागणं निवडा, सगळ्यांत त्रासदायक नव्हे तर सगळ्यांत जास्त वेळा होणारं. येत्या सोमवारी त्याच्यासाठी तीन रकाने आखा आणि शनिवारपर्यंत काहीही न बदलता फक्त लिहीत राहा.